बाहेरकाठ्यावरची पाखरं

आमचं गाव खारेपाटातलं. अलिबागहून पोयनाडच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला एक सपाट, झाडंझुडपं नसलेला मुलूख लागतो. चैत्र-वैशाखात तो राखेसारखा दिसतो, श्रावणात हिरवागार, आणि दिवाळीच्या आधी पिवळा. त्याच्या टोकाला धरमतरची खाडी. अंबा नदी नागोठण्यावरून येते, तिची पुढे ही खाडी होते आणि रेवसपाशी ती समुद्राला मिळते. उधाणाच्या भरतीला या खाडीचं पाणी आमच्या शेतांपेक्षा उंच असतं. मधे फक्त मातीचा बांध. आम्ही त्याला बाहेरकाठा म्हणतो. त्या बांधाच्या अलीकडे माणसं राहतात, पलीकडे पाखरं. असं लहानपणी मला वाटायचं. पुढं ते तसं राहिलं नाही. तीच गोष्ट सांगायची आहे.

ही जमीन देवानं दिलेली नाही, आमच्या पूर्वजांनी ती खाडीकडून घेतलेली आहे. तिवराच्या चिखलात बांध घालायचा, बांधात लाकडी फळ्यांची उघाडी बसवायची. भरतीला उघाडी बंद, ओहोटीला उघडी. आत पडलेलं पावसाचं पाणी बाहेर जाईल, पण बाहेरचं खारं पाणी आत येणार नाही. दोन-तीन पावसाळ्यांत मातीतला खार धुऊन निघाला की रता पेरायचा. रता हा तांबडा, जाड भात. खाऱ्या जमिनीत तग धरणारा. बांधाची देखभाल करणाऱ्याला जुन्या काळी शिलोत्री म्हणत आणि शेतकरी त्याला धान्याचा वाटा देत. इंग्रज सरकारनं १८८३ साली कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं, त्यातही या शिलोत्री बांधांची दखल आहे. त्याच साली मुंबईत काही हौशी मंडळींनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. हे दोन्ही एकाच सालचं, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या घरात मात्र या दोन गोष्टींची गाठ एका लहानशा कडीनं आधीच पडलेली होती.

त्या कडीकडे येण्याआधी माझ्या आजीबद्दल सांगायला हवं.

आजीला आम्ही आय म्हणायचो. तिचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी चरीचा संप सुरू झाला. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरी गावात सभा झाली आणि खोतांची जमीन कसायची नाही असं कुळांनी ठरवलं. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जायचा, वर नाना तऱ्हेच्या बाबी आणि वेठ. पंचवीस गावांनी नांगर खाली ठेवले ते सहा वर्षं. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. पुढे कुळकायदा झाला, कसेल त्याची जमीन झाली, त्यामागे या सहा वर्षांची उपासमार आहे. पुस्तकात हे सगळं आहे. पुस्तकात नाही ते आय सांगायची.

"सहा वरसं शेतान पीक नाय. मंग खावाचा काय? खारीनशी खावाचा."

म्हणजे खाडीतून. माणसं डोंगरात जाऊन लाकडं तोडून विकायची आणि बाया ओहोटीला चिखलात उतरायच्या. निवट्या, चिंबोऱ्या, खुबे, कालवं, जे हाताला लागेल ते. आय अठरा-एकोणीस वर्षांची असेल. त्या सहा वर्षांत ती पाखरांकडून चिखल वाचायला शिकली. तिचं म्हणणं असं, की पाखरू उगाच उभं राहत नाही. बारकी चिखली धावत धावत वरवर टिपतात, तिथं आपल्याला काही मिळायचं नाही. लांब चोचीचं पाखरू जिथं मानेपर्यंत चोच खुपसतं, तिथं खाली मऊ चिखल आणि त्यात जीव आहे. राखी बगळा ज्या खाचेत तासभर हलत नाही, तिथं बोयटं येणार. आणि पाखरं एकदम उठून बांधाकडे यायला लागली की आपणही निघायचं, कारण भरती लागली.

शाळेत गेलेल्या माणसांनी हेच पुढं मोजून-मापून लिहिलं. चोचीच्या लांबीप्रमाणं प्रत्येक पक्षी चिखलाच्या वेगळ्या थरातलं खातो, म्हणून एकाच चिखलावर दहा जाती भांडणाशिवाय चरतात. मी ते वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. आयला अक्षरओळख नव्हती.

तिची आणखी एक आठवण मला तेव्हा नीट कळली नव्हती. ती म्हणायची, संपाच्या काळात शेतं पडीक राहिली, उघाड्यांकडे कुणी बघेना, शेतात पाणी शिरायचं, आणि आमच्या खाचरांत इतकी पाखरं उतरायची की रात्री त्यांच्या आवाजानं झोप लागायची नाही. "आमी उपाशी न् तवा पाखरांची चंगल," ती म्हणायची. हसून म्हणायची, पण ते हसू चांगलं नव्हतं.

आता ती कडी.

साल बहुधा १९६७. मी सहावीत होतो. पौष महिना, थंडीचे दिवस. आमचे नानाकाका बाहेरकाठ्याच्या पलीकडे फासे लावायचे. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पाखरांना संरक्षण देणारा कायदा १९७२ मध्ये आला. एके सकाळी काकांनी पाच-सहा पाखरं आणली. त्यातल्या एकाच्या पायात पांढऱ्या धातूची कडी होती. लांब पाय, लांब सरळ चोच, अंग करड्या रंगाचं. आज मला वाटतं तो मळगुजा असावा, पण इतक्या वर्षांनी शपथेवर सांगता येणार नाही. पाखरू चुलीवर गेलं. कडी मी काढून घेतली.

कडीवर इंग्रजी अक्षरं होती. मी ती घेऊन गुरुजींकडे गेलो. त्यांनी चष्मा वर सरकवून वाचलं: इन्फॉर्म बॉम्बे नॅट. हिस्ट. सोसायटी. खाली आकडे. गुरुजी म्हणाले, "अरे, ही मुंबईची संस्था. पाखरू कुठून कुठं जातं ते बघायला कडी घालून सोडतात. त्यांना कार्ड टाकायला हवं." त्यांनी पोस्टकार्डही काढलं. आकडे लिहून घेण्यासाठी कडी दुसऱ्या दिवशी आण म्हणाले.

घरी आल्यावर मी हे सांगितलं तर नानाकाकांचा चेहरा उतरला. सरकारचं पाखरू मारलं, आता पोलीस येणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. संपाच्या वेळी आजोबांच्या नावानं आलेले कागद आणि जप्त झालेली भांडी त्यांनी लहानपणी पाहिली होती. आमच्या घरात कागद म्हणजे संकट, असाच हिशेब होता. काकांनी मला दम दिला, "कार्ड-बिर्ड काय नाय. हरवली बोल." मी गुरुजींना हरवली म्हणून सांगितलं. ते काही बोलले नाहीत. कोरं पोस्टकार्ड त्यांनी परत हजेरीपटात ठेवलं. ते मला अजून दिसतं.

कडी हरवली नव्हती. आयनं ती आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यात ओवली. कणगीची किल्ली, पेटीची किल्ली आणि त्यांच्यामधे ती. वीस वर्षं ती तिच्या कमरेला वाजत राहिली.

मी मोठा होऊन शिक्षक झालो आणि पुस्तकं वाचायला लागलो तेव्हा कळलं, की ज्या माणसानं आपल्या देशाला पाखरं बघायला शिकवलं, ते डॉ. सलीम अली आमच्यापासून काही मैलांवर, कनकेश्वराच्या डोंगरापलीकडे किहीमला राहून गेले होते. १९३० मध्ये त्यांच्या हाताला नोकरी नव्हती, तेव्हा किहीमच्या घराजवळ त्यांनी सुगरणींचा अभ्यास केला. नर एकामागून एक खोपे विणायला घेतो, मादी ते पारखून पसंत करते, मग नर पुढच्या खोप्याला लागतो, हे त्यांनी तिथं टिपून ठेवलं. १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक निघालं. पुढे १९५९ पासून सोसायटीनं जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं पाखरांना मोठ्या प्रमाणावर कड्या घालायला सुरुवात केली. आमच्या घरची कडी बहुधा त्याच कामातली. कुणीतरी रात्री जाळं लावून, पहाटे दहिवरात बसून, ते पाखरू हातात धरून, कडी दाबून बसवून त्याला सोडलं असणार. तो माणूस कार्डाची वाट बघत होता. ते कार्ड आमच्या घरामुळं गेलं नाही.

१९८७ मध्ये सलीम अली गेले. त्याच वर्षी आमची आयही गेली. किल्ल्यांचं जुडगं आईकडे आलं.

त्यानंतर दोन वर्षांनी, जुलै १९८९ मध्ये, अंबा नदीला महापूर आला. जांभूळपाड्यात, नागोठण्याला काय झालं ते रायगड जिल्ह्यातल्या कुणाला सांगायला नको. आम्ही खाली, खाडीच्या तोंडाशी. आमच्याकडे माणसं दगावली नाहीत, पण बांध आतून ढिला झाला. बांधाचं असंच असतं. वरून धडधाकट दिसतो, आत चिंबोऱ्यांनी बिळं केलेली असतात. उघाडीच्या फळ्या कुजतात. खाडीतून मोठ्या बार्जा जायला लागल्या, त्यांच्या लाटा दिवसरात्र बांधाच्या पायावर आपटू लागल्या, असं आमचे लोक सांगतात.

पूर्वी बांधाला खांड पडली की गावात दवंडी पिटायची. घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन हजर. भांगाचे दिवस बघायचे, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती कमी असते तेव्हा. पेंढा, चिखल, दगड टाकून दोन ओहोट्यांच्या आत खांड बुजवायची. उशीर झाला तर पुढच्या उधाणाला ती दुप्पट होते. हे काम कुणी सांगायला लागत नव्हतं. मग १९४८ साली खारजमिनींचा कायदा आला, १९७९ मध्ये खारभूमी विकासाचा नवा कायदा आला, बांध सरकारी योजनेत गेले. हेतू वाईट नव्हता. पण बांध सरकारचा झाला तसा तो गावाचा राहिला नाही. तोवर घरटी एक माणूसही राहिला नव्हता. निम्मी पोरं मुंबईला, उरलेली कारखान्यात.

१९९१ च्या पावसाळ्यात, अवसेच्या उधाणाला, आमच्या शेताच्या समोर खांड गेली. दवंडी पिटली. अकरा माणसं आली. मी मोजली होती, कारण माझी मोजायची सवय. थोरला भाऊ, ज्याला आम्ही दादूस म्हणतो, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पेंढ्या रचत होता आणि पाणी त्या त्याच्या पायांमधून बाहेर ओढत होतं. तीन दिवस धडपडलो. चौथ्या दिवशी खांडीतून होडी जाऊ शकेल एवढं पाणी वाहायला लागलं. अर्ज केले, पंचनामा झाला, पुन्हा अर्ज केले. तीन एकर शेत, ज्यासाठी आजोबा सहा वर्षं उपाशी राहिले, ते खाडीनं परत नेलं.

दादूस त्यानंतर चार वर्षं रोज संध्याकाळी बांधावर जाऊन बसायचा. मी एकदा विचारलं, "काय बघतोस?" म्हणाला, "बांधाच्या खुणा दिसतात का बघतो." आमच्या खाचरांचे आतले बांध ओहोटीला चिखलातून वर दिसायचे. हळूहळू तेही विरघळले. कडेनं तिवरं उगवली. आधी गुडघ्याएवढी, मग डोक्याएवढी. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिवरं तोडायला बंदी केली, २०१८ मध्ये तो निकाल पक्का झाला. निकाल चांगलाच आहे; तिवर गेलं तर खाडी मरते हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण दादूसच्या दृष्टीनं त्याचा अर्थ एवढाच, की आता सातबाऱ्यावर आपलं नाव, आणि शेतात पाय ठेवला तर गुन्हेगार.

आणि मग पाखरं यायला लागली.

सुरुवातीला लक्ष गेलं नाही. मनात शेत होतं, डोळ्यांना दुसरं दिसत नव्हतं. ती दिसायला लागली माझ्या पुतणीमुळं, दादूसच्या धाकट्या मुलीमुळं. ती अलिबागच्या कॉलेजात शिकत असताना एका शिबिराला गेली आणि दुर्बीण घेऊन परतली. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची मोजणी होते, १९८७ पासून. तिनं ठरवलं, आपल्या खांडीवर ती करायची. मला म्हणाली, "काका, तुम्ही लिहून घ्या, मी मोजते." मी निवृत्त, मोकळाच होतो. वही घेऊन गेलो.

भरतीच्या दोन तास आधी बांधावर बसायचं, हे तिला शिबिरात शिकवलं होतं, मला आयनं. पाणी चढू लागतं तसा उघडा चिखल कमी होतो आणि पाखरं आपोआप आपल्याकडे सरकत येतात. सूर्य पाठीशी हवा, म्हणजे रंग कळतात. बोलायचं नाही, उभं राहायचं नाही. पहिल्या दिवशी मी वहीत लिहिलं: शेकाट्या, टिटवी, तुतवार, चिखल्या, राखी बगळा, छोटे बगळे, खंड्या, कुरव. सगळी ओळखीचीच. मग ती हळूच म्हणाली, "काका, डावीकडे, आपल्या विहिरीच्या जागेपलीकडं बघा."

पांढऱ्याशुभ्र अंगावर काळे पट्टे आणि चोच वरच्या बाजूला वळलेली, चांभाराच्या आरीसारखी. ती चोच पाण्यात डावी-उजवी फिरवत, विळ्यानं गवत कापत पुढं जावं तसे ते पक्षी पुढं सरकत होते. उचाट्या. सव्वीस होते. माझ्या उभ्या जन्मात मी तो पक्षी आमच्या खाडीत पाहिला नव्हता. नंतरच्या वर्षांत आणखी दिसले. चमच्यासारख्या चोचीचे दर्विमुख एका डिसेंबरात सात आले. चोच वर वळलेली, पण उचाट्याहून कितीतरी लहान, पिवळसर पायांचा एक तुतवार, जो चिंबोऱ्यांमागे वेड्यासारखा धावतो. आणि रोहित. माझ्या लहानपणी आमच्या खाडीत रोहित कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही. ठाण्याच्या खाडीत ते हजारांनी येतात; तिथं २०१५ मध्ये त्यांच्यासाठी अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये त्या जागेला रामसरचा दर्जा मिळाला. त्यांतलेच काही वाट वाकडी करून इकडं येत असावेत. आमच्या खाचरांत ते उभे राहिले तेव्हा आई म्हणाली, "लावणीला बाया उभ्या हायत जशा."

पुतणी एकदा आम्हा दोघा भावांना घेऊन आक्षीला गेली. आक्षी आमच्या तालुक्यातलंच गाव. तिथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानतात, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. पण आम्ही गेलो ते किनाऱ्यावर, साखरच्या खाडीच्या तोंडाशी. सुरूच्या झाडांच्या पुढं वाळूवर काळ्या-पांढऱ्या अंगाचे, गाजरासारख्या लाल चोचीचे पक्षी बसले होते. कालवफोड्या. बंद कालवाच्या फटीत चोच घालून तो कालव उघडतो. दादूस म्हणाला, "आयचा कोयता!" आय तसाच कोयत्याच्या टोकानं कालव फोडायची.

त्यांच्या बाजूला करड्या रंगाच्या, जाड अंगाच्या पाखरांचा एक लहान थवा होता. बघायला अगदी साधी. पुतणीचा आवाज मात्र बदलला. इंग्रजीत त्यांना ग्रेट नॉट म्हणतात. सैबेरियाच्या पूर्वेकडच्या डोंगरांत ते अंडी घालतात आणि थंडीत दक्षिणेला येतात. त्यांच्या जातीचे बहुसंख्य पक्षी वाटेत चीन आणि कोरियाच्या मधल्या पीत समुद्राच्या चिखलावर उतरून पोट भरायचे. दक्षिण कोरियात सेमांगम नावाच्या ठिकाणी ३३ किलोमीटरची समुद्रभिंत बांधली. २००६ मध्ये ती पूर्ण जोडली गेली, भरती आत येणं थांबलं, चिखल सुकला आणि या पाखरांची संख्या धाडकन खाली आली. आता ती जात संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे.

दादूस ऐकत होता. म्हणाला, "कशाला बांधली भिंत?"

"शेतीसाठी. जमीन मिळवायला."

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तेतीस किलोमीटर! आणि आमची पन्नास फुटांची खांड बुजवायला कुणाला सवड नाय." आम्ही हसलो. परतीच्या एसटीत मात्र तो म्हणाला, "म्हंजे आपल्या आज्या-पणज्यांनी बांध घातला, तवा हितली पाखरं कुठं गेली असतील?"

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. खोतानं कुळाचं काय नेलं, खाडीनं आमचं काय नेलं, हे मला पाठ होतं. आम्ही कुणाचं काय नेलं होतं, ते मोजायला बसलो नव्हतो.

याचा अर्थ बांध फुटला ते बरं झालं, असं मी म्हणणार नाही. शहरातून येणारी मंडळी कॅमेरे घेऊन बांधावर उभी राहतात आणि "काय सुंदर जागा आहे तुमची" म्हणतात, तेव्हा मी मान डोलावतो, पण घशात काहीतरी अडकतं. त्या सुंदर जागेत आमची विहीर आहे. एकदा एक गृहस्थ मोटारीतून आले. बुडालेली जमीन कवडीमोलानं घ्यायला कुणीतरी तयार होतं, पुढं तिथं भराव पडणार होता. दादूस म्हणाला, "पाखरं मेली तरी चालंल?" गृहस्थ म्हणाले, पाखरं काय, दुसरीकडं जातील. दादूसनं त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. गावात अजून दोन मतं आहेत. काहींना बांध पुन्हा हवा, काहींना भराव चालेल. बांधामागची उरलेली शेतं तरी वाचली पाहिजेत, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. गेल्या तीन वर्षांपासून दर मे महिन्यात पोरं दुसऱ्या बांधावर श्रमदान करतात. पहिल्या वर्षी सतरा आली. गेल्या वर्षी चाळीस.

कडीचं सांगायचं राहिलं. आई गेल्यावर जुडगं पुतणीकडे आलं. तिनं कडी पाहिली आणि माझ्याकडे धावत आली. मी सगळं सांगितलं. नानाकाका, गुरुजी, कोरं कार्ड. तिनं भिंग आणलं. वीस वर्षं आयच्या कमरेला आणि पुढं तितकीच आईच्या कमरेला किल्ल्यांशी घासून अक्षरं पुसली होती. इन्फॉर्म हा शब्द लागतो. पुढच्या आकड्यांतला एक सात असावा, एक बहुधा तीन. बाकी गुळगुळीत. ते पाखरू कुठं धरलं, कधी सोडलं, किती दिवस उडून आमच्या बांधाशी आलं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. तरी तिनं कडीचा फोटो काढला, मी सांगितलेली हकीकत स्वच्छ अक्षरात लिहिली आणि सोसायटीच्या पत्त्यावर पाठवली. मला म्हणाली, "काका, उशिरा का होईना, कळवायला हवं ना?" त्या कागदावर मी सही केली, तेव्हा माझा हात थोडा कापला.

यंदाच्या जानेवारीतली मोजणी एका रविवारी होती. पहाटे धुकं होतं. आम्ही दोघं बांधावर बसलो होतो, मी वही घेऊन. थोड्या वेळानं मागून पावलं वाजली. दादूस. ऐंशीच्या घरात आलाय, काठी टेकत आला आणि शेजारी बसला. खाडीत पाणी चढत होतं. उचाट्यांचा थवा तिवरांवरून वळून आमच्या खाचरांत उतरला. पुतणी ओठांतल्या ओठांत मोजत होती.

"आपल्या शेतान किती?" दादूसनं विचारलं.

तीस वर्षांत त्यानं त्या पाण्याला पहिल्यांदा आपलं शेत म्हटलं होतं.

"बासष्ट," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. चांगल्या सालचं भात खळ्यावर मापून झालं की तो अशीच मान हलवायचा. मग मला म्हणाला, "लिव."

मी लिहिलं.